एका जोडाक्षरात राहिलेला ‘इ’

‘डेटा क्लीन करायचा म्हणजे नक्की काय करायचं?’ पेट-नेटची तयारी करणाऱ्या आणि नुकतंच कोर्सवर्क सुरू झालेल्या तुमच्यापैकी अनेकांचा हा प्रश्न असतो. एक्सेलमधल्या रिकाम्या ओळी काढा, स्पेलिंग तपासा, असं उत्तर देऊन मोकळं होता येईल. पण मी ते देणार नाही. कारण हेच करताना मी माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण घालवून बसले होते. ते प्रकरण पुन्हा उभं करताना मला पूर्व आफ्रिकेतल्या एका लिपीचा इतिहास वाचावा लागला. तोच आज सांगते. इतिहासाचे विद्यार्थी असाल तर उपयोग होईलच, पण विज्ञान शाखेतून आला असाल तर जास्त होईल.

तीन ओळींचा प्रोग्राम

मी एम.एस्सी. केलं संख्याशास्त्रात. पीएचडीचा विषय थोडक्यात असा: वेगवेगळ्या भाषांमधल्या शब्दांच्या याद्या घ्यायच्या, संगणकाने त्यांची तुलना करायची आणि कोणती भाषा कोणाच्या किती जवळची आहे याचा वंशवृक्ष काढायचा. माझ्या एका प्रकरणात युगांडातल्या तीन भाषा होत्या. लुगांडा, लुसोगा आणि लुग्वेरे.

लुगांडा तुम्ही कदाचित ऐकली असेल, राजधानी कंपालाच्या परिसरातली ती मोठी भाषा. लुग्वेरे बहुतेकांनी ऐकलेली नसते. देशाच्या पूर्वेला पालिसा, बुडाका आणि किबुकु हे जिल्हे आहेत, तिथल्या लोकांची ती बोली. यातला ‘लु’ म्हणजे ‘भाषा’ दाखवणारा उपसर्ग. एक माणूस मुग्वेरे, अनेक जण बाग्वेरे, त्यांचा मुलूख बुग्वेरे आणि भाषा लुग्वेरे. मूळ शब्द एकच, पुढचा तुकडा बदलला की अर्थ बदलतो. बांटू भाषांची ही सगळ्यात ठळक खूण.

याद्या रोमन लिपीत होत्या. मी तीन ओळींचा प्रोग्राम लिहिला. पहिली ओळ: सगळी अक्षरं लहान करा. दुसरी ओळ: ए ते झेड सोडून बाकी सगळी चिन्हं काढून टाका. तिसरी ओळ: एकच अक्षर लागोपाठ दोनदा आलं असेल तर ते टायपिंगची चूक समजून एकदाच ठेवा. दहा मिनिटांचं काम. प्रोग्राम चालला, वंशवृक्ष निघाला, आकृती छान दिसत होती. प्रकरण लिहून काढलं.

सल्लागार समितीच्या बैठकीला दोन आठवडे होते. मॅडमनी परिशिष्टातली यादी उघडली, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “अगं, या लोकांच्यात असणं आणि चोरणं एकच असतं का?”

‘असणे’ या अर्थासमोर लुगांडाचा शब्द होता ‘ओकुबा’. ‘चोरणे’ समोरही ‘ओकुबा’. खाली पाहिलं तर ‘सोडून देणे’ आणि ‘ठार मारणे’ या दोन्हींसमोर ‘ओकुता’. पानं उलटत गेले तसे माझे हात गार पडायला लागले.

दोनदा लिहिलेलं अक्षर ही चूक नव्हती

खरे शब्द असे आहेत. ओकुबा म्हणजे असणे, ओकुब्बा म्हणजे चोरणे. ओकुता म्हणजे सोडून देणे, ओकुत्ता म्हणजे ठार मारणे. रोमनमध्ये हा फरक अक्षर दोनदा लिहून दाखवतात, आणि नेमकं तेच दुसरं अक्षर माझ्या तिसऱ्या ओळीने खाऊन टाकलं होतं.

मराठी माणसाला खरं तर हे समजावून सांगायची गरज नाही. ‘पता’ आणि ‘पत्ता’ यातला फरक आपण रोज ऐकतो. मग मला का दिसलं नाही? कारण रोमन लिपी समोर आली की आपल्या डोक्यात इंग्रजी सुरू होतं. इंग्रजी शब्दात अक्षर दोनदा येतं तेव्हा उच्चारात ते सहसा लांबत नाही. म्हणजे मी मराठी कान बाजूला ठेवून इंग्रजी डोळ्यांनी युगांडातली यादी वाचत होते.

स्वरांचंही तेच. लुगांडा, लुसोगा, लुग्वेरे या तिन्हींमध्ये पाच स्वर आहेत: अ, इ, उ, ए, ओ. आणि प्रत्येकाचं ऱ्हस्व आणि दीर्घ असं जोडपं आहे. लुगांडात ओकुसुला म्हणजे रात्री मुक्काम करणे, ओकुसूला म्हणजे फेकणे. हा दीर्घ स्वरही अक्षर दोनदा लिहून दाखवला जातो. तोही माझ्या प्रोग्रामने सपाट केला होता.

जोडाक्षर आलं कुठून

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, ठीक आहे, चार शब्द चुकले, दुरुस्त करा आणि पुढे चला. मीही तेच म्हणत होते. पण मग मी विचारलं, की चोरण्यातला हा ‘ब्ब’ लुगांडात आला कुठून?

शेजारच्या भाषा पाहा. स्वाहिलीत चोरणे म्हणजे ‘कुइबा’. युगांडाच्याच पश्चिमेकडच्या रुन्यान्कोरे भाषेत ‘ओक्विबा’. ठार मारणे रुन्यान्कोरेत ‘ओक्विता’. दोन्हीकडे ‘ब’ आणि ‘त’ यांच्या आधी एक ‘इ’ ऐकू येतो. लुगांडात तो ‘इ’ नाही, पण जिथे तो होता तिथेच व्यंजन लांबलं आहे. स्वर गेला, पण त्याने बोलण्यात व्यापलेला वेळ गेला नाही; तो पुढच्या व्यंजनाच्या खात्यावर जमा झाला.

आपल्याकडे असाच हिशेब उलट्या दिशेने झाला आहे. संस्कृत ‘हस्त’, प्राकृत ‘हत्थ’, मराठी ‘हात’. इथे जोड व्यंजन सुटलं आणि त्याचा वेळ आधीच्या स्वराला मिळाला, म्हणून ‘अ’चा ‘आ’ झाला. पंजाबीने मात्र ‘हत्थ’ तसाच ठेवला. सप्त, सत्त, सात हेही तसंच. आता कल्पना करा, परदेशातल्या एखाद्या विद्यार्थ्याने पंजाबी शब्दांतली सगळी जोडाक्षरं टायपिंगची चूक म्हणून काढली आणि मग मराठी-पंजाबीचं नातं मोजायला बसला. तुम्ही त्याला काय म्हणाल? मी तेच केलं होतं.

लुगांडात हा प्रकार नामांतही दिसतो. एक अंडं म्हणजे ‘एग्गि’, अनेक अंडी म्हणजे ‘अमागि’. एकवचनात ‘ग’ जोड, अनेकवचनात साधा. कारण या गटातल्या नामांना एकवचनात पूर्वी ‘इ’ हा उपसर्ग लागायचा. तो विरघळून पुढच्या व्यंजनात गेला. अनेकवचनाचा उपसर्ग वेगळा, त्यामुळे तिथे काहीच घडलं नाही. शाळेसाठी लुगांडात ‘एस्सोमेरो’ हा शब्द आहे आणि लुसोगात ‘एइसोमेरो’. लुसोगात तो ‘इ’ अजून कानाला लागतो. शाळा ही वस्तू तिथे नवी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. पण तिच्यासाठी शब्द घडवताना प्रत्येक भाषेने आपापला जुना साचा वापरला.

भाषांचं नातं शब्द एकमेकांसारखे दिसतात म्हणून सिद्ध होत नाही. एका भाषेत जिथे अमुक ध्वनी, तिथे दुसरीत ठरावीक तमुक ध्वनी, अशी नियमित जुळणी सापडावी लागते. तिथे ‘इ’, तर इथे जोड व्यंजन, ही अशीच एक जुळणी आहे. आणि माझ्या ‘स्वच्छ’ डेटात ती शिल्लकच नव्हती.

कागदावर उतरताना

आता प्रश्न लिपीचा. हे दोनदा अक्षर लिहायचं कुणी ठरवलं?

बुगांडाच्या राजदरबारात लिहिणं-वाचणं आधी आलं ते किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांबरोबर, अरबी लिपीतून. 1875 मध्ये स्टॅन्ली राजा मुतेसाच्या दरबारात पोचला आणि त्याने मिशनरी पाठवा असं आवाहन करणारं पत्र लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आणलं. 1877 मध्ये प्रोटेस्टंट मिशनरी आले, 1879 मध्ये कॅथलिक. 1878 मध्ये आलेल्या अलेक्झांडर मॅके याने तिथे छपाई सुरू केली. वाचन आणि नवा धर्म ही जोडी इतकी घट्ट होती की ख्रिस्ती झालेल्यांना ‘अबासोमि’ म्हणजे ‘वाचणारे’ असंच नाव पडलं. 1896 मध्ये जॉर्ज पिल्किंग्टनच्या कामातून लुगांडातलं संपूर्ण बायबल पूर्ण झालं.

पुस्तकं निघाली, पण ध्वनी कसे लिहायचे याची सर्वमान्य व्यवस्था व्हायला आणखी पन्नास वर्षं गेली. दरम्यान 1926 मध्ये लंडनला आफ्रिकी भाषा आणि संस्कृतींसाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिने आफ्रिकी भाषांसाठी लेखनपद्धतीची एक पुस्तिका काढली, जिची सुधारित आवृत्ती 1930 ची. तिचं म्हणणं होतं, की अक्षरांच्या डोक्यावर टिंबं आणि रेघा देण्यापेक्षा गरजेपुरती नवी अक्षरंच घ्यावीत. त्यातलं एक म्हणजे आपला ‘ङ’. हो, क ख ग घ नंतर आपण घोकतो आणि नंतर क्वचितच एकटा वापरतो, तोच. लुगांडात तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. 1947 मध्ये लुगांडाचं प्रमाण लेखन ठरलं, त्यात या ध्वनीला स्वतंत्र अक्षर मिळालं. युगांडाच्या झेंड्यावर तुरेवाला क्रौंच आहे ना, त्याचं लुगांडा नाव ‘एङ्ङालि’. टाइपरायटरवर हे अक्षर नसायचं, म्हणून लोक एन, जी आणि वर एक स्वल्पविरामासारखी खूण, असं करून वेळ भागवत. माझ्या प्रोग्रामच्या दुसऱ्या ओळीने, ए ते झेडमध्ये नाही म्हणून, हे अक्षर पुसलं होतं. राष्ट्रीय पक्षी ‘एअलि’ होऊन बसला होता.

1947 च्या नियमांमध्ये आणखी दोन गोष्टी आहेत, त्या डेटा हाताळणाऱ्याने समजून घ्याव्यात अशा.

पहिली, सगळंच लिहिलेलं नसतं. ‘ओमुन्तु’ म्हणजे माणूस. यातला मधला ‘उ’ उच्चारात लांब असतो, पण लिहिताना एकदाच लिहितात. पुढे ‘न्त’ आहे म्हणजे स्वर लांबणारच, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. आपण ‘घर’ लिहितो आणि शेवटचा ‘अ’ उच्चारत नाही, तसंच. शिवाय या भाषेत सुरांच्या चढउतारानेही अर्थ बदलतो, पण रोजच्या लेखनात सूर दाखवतच नाहीत.

दुसरी, काही वेळा एका ध्वनीला दोन अक्षरं असतात. ‘ओमुलिमु’ म्हणजे काम, ‘एमिरिमु’ म्हणजे कामं. शब्द एकच, पण एकदा ‘ल’ आणि एकदा ‘र’. नियम असा की ‘इ’ किंवा ‘ए’ नंतर ‘र’ लिहायचा, एरवी ‘ल’. माझ्या संगणकाला अर्थातच हे दोन निराळे शब्द वाटले. मराठीत याच्या उलट आहे. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण आणि ‘जरा’ म्हणजे थोडं, यांतले ‘ज’ वेगळे उच्चारतो, पण लिहितो एकाच अक्षराने. परक्या माणसाला आपली यादी दिली तर तोही फसेल.

लुग्वेरेच्या वाट्याला काय आलं

लुगांडाची गोष्ट इतकी लांबवली, कारण लुग्वेरेचा लेखी इतिहास तिच्या सावलीत सुरू होतो.

विसाव्या शतकाच्या तोंडावर सेमेई काकुंगुलु हा गांडा सेनापती ब्रिटिशांच्या पाठबळावर पूर्वेकडे सरकला. बुग्वेरेतल्या बुडाका इथे त्याचं ठाणं होतं. त्याच्याबरोबर आलेली गांडा माणसं ठिकठिकाणी अधिकारी झाली. कचेरीत, चर्चमध्ये, शाळेत लुगांडा आली. म्हणजे घरात लुग्वेरे बोलणारं मूल अक्षर गिरवायचं ते लुगांडाचं. पुढे 1948 मध्ये माल्कम गथ्री याने बांटू भाषांचं वर्गीकरण छापलं. त्यात लुगांडाला ई 15, लुसोगाला ई 16 आणि लुग्वेरेला ई 17 असे क्रमांक मिळाले. हे क्रमांक म्हणजे गल्लीतले घर नंबर समजा. शेजारी कोण ते कळतं, कोण कोणाचा सख्खा ते कळत नाही. पण मी स्वतः सुरुवातीला त्या क्रमांकांकडे बघून मनात ठरवून टाकलं होतं, की लुगांडा मोठी बहीण आणि बाकीच्या मागून आलेल्या.

खरं नातं वेगळं आहे. रायनन स्टीव्हन्स यांचं 2013 चं पुस्तक युगांडातल्या मातृत्वाचा इतिहास सांगतं, इ.स. 700 ते 1900 असा. यातल्या बहुतेक काळाची लेखी साधनं नाहीतच. म्हणून त्यांनी लुगांडा, लुसोगा आणि लुग्वेरेतले आई, लग्न, नातेसंबंध यांचे शब्द शेजारी शेजारी ठेवले. कोणता शब्द किती जुना, हे ध्वनींच्या नियमित जुळणीवरून ठरवलं. त्या मांडणीत एका मूळ भाषेच्या आधी दोन फांद्या होतात. एक लुगांडा. दुसरी जी फांदी, तिच्यातून पुढे एकीकडे लुसोगा निघते आणि दुसरीकडे लुग्वेरे व तिची छोटी बहीण रुशाना. म्हणजे लुग्वेरे ही लुगांडाची शाखा नाही. तिचं जवळचं नातं लुसोगाशी आहे, मधून म्पोलोगोमा नदी वाहत असली तरी.

माझ्या ‘स्वच्छ’ डेटावरच्या वंशवृक्षात लुग्वेरे लुगांडाला चिकटलेली होती. हे लक्षात आलं तेव्हा मला चुकीचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं. कचेरीने आणि शाळेने जवळजवळ शंभर वर्षं या भाषेला लुगांडाची गावठी बोली असल्यासारखं वागवलं, आणि मी इथे महाराष्ट्रात बसून, तीन ओळींत, आकृती काढून तेच पुन्हा सांगत होते. वर त्याला वस्तुनिष्ठ म्हणत होते.

त्या लोकांनी मात्र दरम्यान काम केलं होतं. 2007 पासून युगांडात प्राथमिकच्या पहिल्या तीन इयत्ता स्थानिक भाषेत शिकवायचं धोरण आलं. त्यासाठी लहान भाषांनाही स्वतःचं ठरलेलं लेखन लागणार हे उघड आहे. 2012 मध्ये लुग्वेरेचा शब्दकोश छापून निघाला. शब्दकोशात प्रत्येक नोंद म्हणजे एक निर्णय असतो: हा स्वर दोनदा लिहायचा की एकदा, हे व्यंजन लुगांडासारखं दाखवायचं की आपल्या कानाप्रमाणे. कुणीतरी बसून, बोलून, वाद घालून घेतलेले हजारो निर्णय. ते निर्णय म्हणजेच डेटा आहे.

देवनागरीत लिहिलं असतं तर?

चूक कळल्यावर मला वाटलं, आपली देवनागरी बरी. जोडाक्षरं आहेत, ऱ्हस्व-दीर्घ आहे, ‘ङ’ सुद्धा आहे. या लेखात मी सगळे शब्द देवनागरीत लिहिले आणि बहुतेक ठिकाणी निभावलं.

पण हे दोन शब्द वाचा. ओकुकोला म्हणजे काम करणे. ओकुकोला म्हणजे तण काढणे, खुरपणी. फरक दिसला? नाही दिसणार. पहिल्यातला ‘को’ ऱ्हस्व आहे, दुसऱ्यातला दीर्घ. मराठीत ‘ए’ आणि ‘ओ’ यांची ऱ्हस्व-दीर्घ जोडी लिहायची सोयच नाही, कारण आपल्याला ती लागली नाही. रोमनमध्ये मात्र ‘ओ’ दोनदा लिहिला की काम भागतं. म्हणजे शहाणी लिपी आणि वेडी लिपी असं काही नसतं. लिपी कुणासाठी बेतली होती ते पाहावं लागतं.

तुम्ही काय कराल

मी पुढे काय केलं ते सांगते, कारण तुम्हालाही तेच करावं लागेल. मूळ याद्या पुन्हा काढल्या, नशिबाने त्या वेगळ्या फोल्डरमध्ये जशाच्या तशा होत्या. प्रत्येक भाषेसाठी एक तक्ता केला: कोणतं अक्षर किंवा अक्षरांची जोडी कोणत्या ध्वनीसाठी आहे, काय लिहिलेलं नसतं, कोणतं अक्षर फक्त जागेमुळे बदलतं. मग त्या तक्त्यावरून प्रोग्राम लिहिला. यात सहा आठवडे गेले. समितीसमोर प्रकरण न नेता चुकीची टिपण नेली. ओरडा बसेल असं वाटलं होतं. त्याऐवजी अर्धा तास त्या टिपणावरच चर्चा झाली, आणि ती टिपण आता माझ्या प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात आहे.

तुमचा विषय भाषेचा नसेल. पर्जन्यमापनाच्या जुन्या नोंदी असतील, दवाखान्यातली रजिस्टरं असतील, मोडीतले हिशेब असतील. तिथेही रिकामा रकाना म्हणजे ‘शून्य’, ‘मोजलं नाही’ की ‘नेहमीसारखंच’, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं आणि तुम्हाला नाही. तेव्हा कच्ची फाईल कधीही बदलू नका. एखादी गोष्ट चूक म्हणून काढण्याआधी ती किती वेळा येते ते मोजा. चुका सहसा विखुरलेल्या असतात. ठरावीक जागी पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट बहुधा नियम असते. माझ्या यादीत जोड अक्षरं पानोपानी होती. एवढ्या चुका कोणता टायपिस्ट करतो, हा साधा प्रश्नही मी स्वतःला विचारला नव्हता. आणि तुमची साफ केलेली यादी विषय जाणणाऱ्या एका माणसाला नुसती वाचायला द्या. आकृती नको, यादी द्या.

पुढच्या लेखात तो ध्वनींचा तक्ता कसा करायचा ते मराठीच्याच उदाहरणावर पाहू. तोपर्यंत घरचा अभ्यास: आपल्या बोलीतले असे दहा शब्द शोधा, जे लिहिताना एकच दिसतात आणि बोलताना वेगळे असतात. ‘जरा’ मी वापरला आहे, तो धरू नका.